एकवेळ

एका माणसासाठी दोनदा तवा तापवायचा नाही,
एवढं तेराव्यानंतर आठ दिवसांतच ठरलं.
वेळ ठरेना.

छत्तीस वर्षं वेळ पाळीनं ठरवली.
दिवसपाळीला दुपारी एक, रातपाळीला रात्री एक.
मागांच्या खडखडाटात
आपण चावतोय, हेसुद्धा ऐकू आलं नाही कधी.
आता ते माग किलोवर गेले भंगारात
आणि पोट विचारतं,
जॉबर, किती वाजता?

सकाळी नऊला खाऊन बघितलं.
नऊची भूक आपली नसते,
शेजारच्या फोडणीनं उठवलेली असते.
मग चारपासून पोटात
रिकामा धोटा इकडून तिकडे,
सूत नाही, कापड नाही, नुसता ठोका.

दुपारी एक म्हणजे मे महिन्यात, सोलापुरात,
जेवायची वेळ नव्हे, तग धरायची.
पत्रा टणटण बोलतो.
घास तोंडाशी नेईस्तोवर घाम आधी पोचतो.

रात्रीचे आठ बरे वाटले.
आठला अख्खं विडी घरकुल जेवतं.
ताटल्या वाजतात, कुणी पोराला ओरडतं,
कुणी तेलुगूत हसतं,
त्या गलक्यात एकट्याचं ताट लपून जातं.
तीन दिवस तसा जेवलो.
चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं रात्री अकराला,
भरून होईपर्यंत दोन.
भरल्या पोटी बादल्या उचलत नाहीत,
हेही या वयात कळायचं होतं.

सकाळी कौसरबी दारात, मांडीवर सूप,
सुपात पानं, तंबाखू.
सहज विचारलं, तुमच्यात किती वाजता जेवता?
"आमचं काय, कवाबी.
बालामणी मात्र साडेतीनला बसायची की.
कारखान्यात विड्या देऊन आली की हितं, उंबऱ्यावर.
दिवसातनं एकदाच.
मला म्हणायची, कौसर, आता आपली वेळ.
तुमाला ठावं न्हाई?"

मला ठावं न्हाई.
दिवसपाळीचा मी तेव्हा मागावर.
रातपाळीचा मी तेव्हा आत झोपलेलो,
पंखा माझ्याकडं वळवून.
रात्री ताट वाढून ती म्हणायची,
तुम्ही बसा, माझं झालंय.
झालंय म्हणजे केव्हा,
हे विचारायला मला छत्तीस वर्षं होती.

आज साडेतीनला बसलो.
समोरच्या टाकीची सावली
बरोब्बर त्याच वेळी उंबऱ्यावर येते,
माणूसभर रुंद,
अर्धा तास थांबते, मग कौसरबीच्या भिंतीवर चढते.
हे तिनं कितव्या वर्षी हेरलं असेल?
टाकी तर आपण आलो त्यानंतर पाच-सहा वर्षांनी बांधली.
त्याआधी कुठं बसत होती?

कडक भाकरी मोडली तसा आवाज झाला.
कौसरबीनं मान वर केली,
बघितलं,
परत विडीला दोरा गुंडाळत राहिली.
मी चटणीवर तेल घेतलं. हवं त्यापेक्षा जास्तच.
रस्त्यावर पोरांची शाळा सुटली होती,
एकानं जाता जाता विचारलं,
काका, काय करायलाव?
जेवतोय म्हटलं.
आत्ता? म्हणाला.
आत्ता.

वेळ चांगली आहे. पोटाला मानवली.
ऊन उतरणीला, पाण्याची घाई नाही,
भांडं एक, ते विसळून उजेडातच वाळतं.
हीच ठेवायची.

पण खोटं कशाला बोलू,
रात्री नऊला भूक लागलीच.
डब्यातून मूठभर शेंगा घेतल्या,
दिवा न लावता, उभ्यानंच फोडून खाल्ल्या
आणि टरफलं खिशात घातली,
जणू सकाळी कुणी विचारणार होतं.